हत्यारांच्या रांगेतली गिटार

रहिमतपुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला मोटार रिवायंडिंगचं एक दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की माणसं ती आजारी पोरासारखी गाडीवर मांडीत धरून तिथं आणतात. दुकानाचा मालक वीरधवल. नाव असं की ऐकणाऱ्यानं उठून मुजरा करावा, आणि माणूस असा की वाऱ्याच्या दिवसांत त्यानं खिशात पाना ठेवूनच बाहेर पडावं. नाव ठेवलं वडिलांनी, सुभेदार सयाजीरावांनी. उभी हयात पलटणीत काढलेला माणूस. पोरगं पाळण्यात होतं तेव्हापासूनच त्यांनी त्याला मनानं भरतीच्या रांगेत उभं केलं होतं. पुढं पोरगं खरंच रांगेत उभं राहिलं. डॉक्टरनं बूट काढायला लावले, तळपाय बघितले आणि म्हणाला, सपाट आहेत, घरी जा. आज वीरधवलची चाळिशी उलटली, तरी सुभेदार बोलताना त्याच्या पायांकडंच बघतात.

त्यात ह्या गड्याला गिटारचं खूळ.

गिटार म्हणजे कॉलेजातली पोरं गच्चीवर घेऊन बसतात ती पोकळ पोटाची नव्हे. ही भरीव फळीची, विजेवर चालणारी. दोन शिंगं असलेली, अंगानं जरा कमरेत बारीक, तारांखाली तीन कॉइल. स्ट्रॅटोकास्टर तिची जात. अस्सल माल अमेरिकेचा, १९५४ साली निघालेला. वीरधवलकडं तिची नक्कल, तीही पुण्याच्या कुणाकडून जुनी घेतलेली. तिची एक कॉइल मुकी होती. ती ह्यानं जुन्या रिले स्विचमधली केसासारखी तार काढून स्वतः भरली. मोटारीतही कॉइल, गिटारीतही कॉइल, म्हणजे देवानं आपल्याला बरोबर धंद्यात टाकलंय, अशी त्याची पक्की समजूत.

"ही ज्यानं काढली ना, त्यो लिओ फेंडर," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "रेडिओ दुरुस्त करनारा गडी. आनि त्याला सोताला गिटार वाजवाया येत नव्हती!"

"ऱ्हाऊ दे. मोटार कवा देतुयास?"

"देतो की. आनि एरिक क्लॅप्टन म्हनून हाय, त्यानं चार-दोन गिटारींचं चांगलं चांगलं भाग काढून एकच जोडली. काळी कुळकुळीत. आपन मोटारीचं करतो तसंच बगा."

"माझ्या मोटारीचं भाग कुनाच्या मोटारीत घातलंस न्हाईस न्हवं?"

मार्क नॉफ्लर नखी न घेता नुसत्या बोटांनी वाजवतो, हे सांगायच्या आत गिऱ्हाईक चहाला गेलेलं असायचं. आमच्या गल्लीत तर तिला अजून बेंजोच म्हणतात. "वीरू, तुझा बेंजो काय म्हनतुया?" असं कुणी विचारलं की त्याच्या कानशिलाची शीर उडते. म्हणून तर सगळे विचारतात.

सगळ्यांत जीव मात्र जिमी हेंड्रिक्सवर. कारण वीरधवल डावखुरा, आणि हेंड्रिक्सही डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून तो वाजवायचा. वीरधवलनंही आपली गिटार तशीच केली. तारांच्या खाचा कानशीनं घासून उलट्या केल्या, खांद्यावरच्या पट्ट्याचा खिळा दुसऱ्या शिंगावर नेला. शिवाय हेंड्रिक्स फौजेत होता! हे कळलं त्या दिवशी गडी धावतच घरी गेला.

"आबा, हेंड्रिक्स पॅराशूटवाल्या पलटनीत हुता!"

सुभेदारांनी पहिल्यांदाच पेपर खाली केला. "किती सर्विस?"

"वरीसभर असंल."

"आनि मग?"

"मग सुटला. गिटार वाजवाया लागला. एकदा तर स्टेजवर त्यानं गिटार जाळली."

"वरसात घरी, आनि आपलं हत्यार आपुन जाळलं," सुभेदार पेपर वर करत म्हणाले. "कोर्ट मार्शल."

तरी त्या दिवशी 'हत्यार' हा शब्द निघाला होता. वीरधवलनं तो धरून ठेवला. कारण सुभेदारांच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि ती पलटणीतल्या परेडसारखी असते. देवापुढं घोंगडं अंथरायचं, त्यावर बारा बोअरची बंदूक, कुऱ्हाड, विळा, खुरपी, फौजेतला पट्टा आणि वीरधवलची पक्कड, अशी रांग. पुजलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुणी हलवायचं नाही. दर वर्षी वीरधवल विचारायचा, "आबा, गिटार ठिवू का?" आणि दर वर्षी एकच उत्तर, "प्वाट भरतंय का तिच्यावर? पक्कड ठेव." पूजेत पक्कड आणि खुंटीला गिटार. त्याची आई अंबूबाई म्हणायची, "ठिवू द्या की वं, लाकूडच हाय," आणि तेही वीरधवलला झोंबायचं.

तिच्यावर पोट भरत नव्हतं हे खरं. सांगलीच्या लालासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवायचा, पण ड्रमच्या मागं उभा राहून, नुसतं चिकचिक. गाण्यात गिटारचा मोठा तुकडा आला की तो ऑर्केस्ट्रातला पप्पू कीबोर्डवर वाजवायचा. त्याच्या कीबोर्डाला एक बटण आहे. दाबलं की गिटारचा आवाज निघतो. पप्पू ते दाबताना वीरधवलकडं बघून डोळा मारायचा.

पण ह्या वर्षी लालासाहेबांनी शब्द दिला. सांगलीतल्या एका मंडळापुढं नवमीच्या संध्याकाळी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, आणि त्यात गिटारचे सगळे तुकडे वीरधवलचे. "पर ह्यावेळी जमलं न्हाई तर बटनच बरं, गड्या," असंही त्यांनी सांगून टाकलं. मंडळानं फ्लेक्स लावला. गिटारसकट वीरधवल, आणि खाली ठळक अक्षरांत 'लीड गिटार : वीरधवल सयाजीराव'. फोटो फिरत फिरत गल्लीत आला. सुभेदारांनी चष्मा पुसून तो मोठा करून बघितला. अंबूबाई सांगते, दोन घास जास्त जेवले.

खंडेनवमीला सकाळी वीरधवल दुकानाची पूजा उरकून घरी आला. दुपारची गाडी धरायची होती. खुंटीकडं हात गेला, खुंटी मोकळी. वळून बघतो तर देवापुढच्या घोंगड्यावर, बंदुकीच्याही पुढं, गिटार! गळ्यात झेंडूची माळ, दोन्ही शिंगांवर हळदीकुंकवाची बोटं, कॉइलींवर अक्षता, पुढ्यात नारळ आणि तेवणारा दिवा.

"ही कुनी ठिवली?" त्याचा आवाज चिरकला.

"म्या," सुभेदार खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले.

"आवं आबा, आज कार्येक्रम हाय माजा!"

"ठावं हाय की. फ्लेक्स बघितला न्हवं का. म्हनून तर पुजली."

"मग मी वाजवू कशानं?"

"त्ये तुजं तू बघ. पलटनीत एक रायफल पुजंला बसली तर दुसरी मिळत हुती."

"ही काय पलटन हाय व्हय! दर साली म्हनतोय ठिवा, ठिवा, तवा न्हाई ठिवली. आनि आजच बरं सुचलं!"

त्याची बायको स्वप्नाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आवं, इतकी वरसं त्यांच्या मागं लागलासा. आता ठिवली तर वरडताय."

"तू गप गं!"

"दिवा लावलाय रं बाळा," अंबूबाई हळूच म्हणाली. "इझला म्हंजी?"

वीरधवल घोंगड्यापुढं उकिडवा बसला. तिकडं अमेरिकेत एकानं भर स्टेजवर हिला काडी लावली, दुनियेनं टाळ्या वाजवल्या. आणि आपल्याला हिच्यावरचं एक झेंडूचं फूल बाजूला करता येत नाही. मनात आलं, उचलावी आणि पळत सुटावं. सपाट पायांनी का होईना, स्टेशन गाठता आलं असतं. त्यानं हात पुढं केलाही. तेवढ्यात त्याला गिटारीवरचा, तारा अडकवायचा पत्रा दिसला. तो कधीच इतका चमकत नव्हता. सुभेदार पट्ट्याचं बक्कल ज्या ब्रासो पॉलिशनं घासतात, त्याचा वास येत होता. पहाटे उठून म्हाताऱ्यानं एकेक स्क्रू घासला होता.

हात मागं आला. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, हेही कळेना. त्यानं नारळाकडं बघून दिल्या.

बाहेर जाऊन त्यानं लालासाहेबांना फोन लावला. सगळं ऐकून लालासाहेब हसत सुटले. "आरं, मग ये की मोकळ्या हातानं! हितं एक झकास गिटार हाय. मंडळाच्या अध्यक्षाच्या जावयाची. तुज्याच जातीची."

जात तीच होती. पण हात उजवा होता. हे लालासाहेबांना फोनवर सुचलं नाही, आणि चिडलेल्या वीरधवललाही नाही. सांगलीत स्टेजमागं गिटार हातात आली तेव्हा कळलं. उलटी धरली की जाड तार खाली, बारीक वर. बोट जाईल तिथं भलताच सूर. जावईबापू शेजारीच उभे. "तारांना हात लावायचा नाही हं. बेंगळुरूहून सेटिंग करून आणलीय."

डिक डेल नावाचा एक वादक होता. तोही डावखुरा, आणि तारा न बदलता तसाच उलटा वाजवायचा. ही गोष्ट वीरधवलनं दुकानात शंभरदा सांगितली असेल. आता ती खरी करायची वेळ आली, तर त्याला उमगलं की त्या माणसाचा हात पहिल्यापासून तसाच बसला असणार. इथं समोर पब्लिक खुर्च्या ओढायला लागलं होतं. एक तुकडा काढून बघितला. जिन्यावरून पितळी भांडी पडावीत तसा आवाज आला. पप्पूनं कान झाकले.

"हे बघ," लालासाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नुसता हुबा ऱ्हा. वाजवंल पप्पू."

"मी घरी जातो."

"फ्लेक्सवर त्वांड तुजं हाय, गड्या! मंडळवाली मला खातील. आजच्यापुरती माझी लाज राख."

"आनि माजी?"

"तू हालव की बोटं. कोन बघतंय?"

कोण बघतंय? रहिमतपुरात सुभेदारांच्या ओसरीवर अख्खी गल्ली बघत होती. मंडळ कार्यक्रम थेट फोनवर दाखवत होतं, आणि स्वप्नालीनं फोन पाटावर तांब्याला टेकवून ठेवला होता.

वीरधवल उभा राहिला. गिटारची केबल कुठंच जोडलेली नव्हती. तिचं टोक लालासाहेबांनी स्पीकरच्या मागं सरकवून दिलं. पहिला तुकडा आला. पप्पूनं बटण दाबलं, ह्या वेळी डोळा मात्र मारला नाही. वीरधवलची बोटं आपसूक चालू लागली, घरच्या गिटारीवर चालतात तशीच. एक बोट चुकलं नाही. फक्त ऐकू काही येत नव्हतं. त्याचा चेहरा रागानं लाल झाला, डोळे मिटले, ओठ दाताखाली गेले. पब्लिकला वाटलं, गडी सुरात बुडाला. शिट्ट्या पडल्या, वन्समोअर झाला. वन्समोअरलाही त्याला तेच पुन्हा करावं लागलं. जावईबापू पुढच्या रांगेत सगळ्यांना सांगत होते, गिटार आपली आहे.

स्टेजवरून उतरतो तोच फोन वाजला. सुभेदार त्याला कधी फोन करत नाहीत. काही असलं तर अंबूबाईकडून निरोप.

"वीरू."

"हां आबा."

पलीकडं खाकरल्याचा आवाज. "वाजीवलंस रं. लय वाजीवलंस. आज मला... बरं, ठिवतो. आईला बोल."

आबा, ते मी नव्हतो, हे वाक्य वीरधवलच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण तोवर फोन अंबूबाईच्या हातात गेला होता आणि ती रडत होती. तो म्हणाला, "व्हय गं आई. जेवतो. व्हय."

दसऱ्याला सकाळी तो घरी पोचला तेव्हा ओसरीवर शेजारपाजारची माणसं संध्याकाळची वाट न बघताच आपट्याची पानं घेऊन आली होती, आणि पानं देऊनही हलत नव्हती. सुभेदारांनी दिव्याला हात जोडले, गिटार उचलली, दोन्ही हातांवर आडवी घेऊन पोराला दिली, जशी रायफल देतात. आणि त्या दिवशी, खोटं कशाला बोला, ते पायांकडं नाही, तोंडाकडं बघत होते.

"कालचं वाजीव."

वीरधवलनं केबल जोडली. कुंकू कॉइलीत गेलं होतं, जरा खरखर झाली. मग तो वाजवायला लागला. दोन दिवसांचा सगळा राग, पप्पूचं बटण, जावयाचं सेटिंग, सगळं बोटांतून बाहेर पडायला लागलं. त्याला स्वतःला कळत होतं की असं आपण आयुष्यात कधी वाजवलं नाही. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बेंजो म्हणणाऱ्यांनीही माना डोलावल्या. स्वप्नाली पदराला हात पुसत दारात आली आणि तिथंच थांबली.

तुकडा संपला. सगळे सुभेदारांकडं बघायला लागले.

सुभेदारांनी मान हलवली. "बरं हाय. पर कालच्यावानी न्हाई."

"आबा..."

"न्हाई, खरं त्ये बोलाया पायजे. काल काय आवाज हुता! गुळगुळीत. ही खरखर नव्हती." त्यांनी जवळ येऊन गिटारीच्या शिंगावरचं कुंकू अंगठ्यानं जरा सारखं केलं. "मला कळलं त्येचं कारन. काल ती देवाम्होरं बसली हुती, म्हनून तुजा हात चालला. आता पुढल्या खंडेनवमीला बी हिला पुजंला बसवायची. आनि त्या लालासाहेबाला सांग, कार्येक्रम त्याच दिवशी धर."

 वीरधवलनं रांगेतली आपली पक्कड उचलली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ओसरीच्या पायरीवर बसून गिटारीचं झाकण उघडलं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो कॉइलीतलं कुंकू काढत राहिला. जाता जाता एकानं त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि विचारलं, "वीरू, माजी मोटार कवा देतुयास?"