मेलेल्या ताऱ्यांचं सोनं

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे थोडं पदरचं आहे, पण ते शोधून दाखवा! नव्वदच्या आसपास डोंबिवलीत आमचं आकाशमंडळ होतं. सराफशेठनी दुकानावरचा माळा फुकट दिलेला. तिथे किस्से इतके साचले की टेलिस्कोप ठेवायला जागा उरेना. बहुतेक किस्से दामले सरांचे. सर फिजिक्स शिकवायचे आणि आमच्यापुढे कपाळाला हात लावायचे.

*

सर म्हणाले, "विश्वात हायड्रोजन भरपूर, ऑक्सिजनही भरपूर!"

शेजारच्या दिवा गावाहून येणारा सावंत उठला. "मग आमच्याकडे पाणी का येत नाही, सर?"

*

सोनं कसं बनतं, ते दाखवायला सरांनी रव्याचे दोन लाडू आणलेले.

"हे दोन मेलेले तारे. चमचाभर घेतला तरी डोंगराएवढा जड! एकमेकांभोवती फिरत फिरत आपटतात, त्यातून सोनं उडतं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे."

लाडू आपटले. चुरा आम्ही खाल्ला.

सावंत म्हणाला, "सर, सोन्यात तूप कमी पडलंय."

*

एकदा जिना उतरताना सरांना राहवलं नाही. खाली मंगळसूत्र बघणाऱ्या विहीणबाईंना म्हणाले, "हे मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष हं!"

"शुभकार्याला मयताचं? नको गं बाई!" म्हणत अख्खं वऱ्हाड उठलं. आठवडाभर दुकानात माशी नाही!

शेठ माळ्यावर आले. "सर, तारे जिवंत होते म्हणा, नाहीतर माळा खाली करा."

"खोटं बोलणार नाही!"

"मग टेलिस्कोप उचला."

सावंत कळवळला. "सर, निदान आजारी होते म्हणा ना!"

*

आम्ही टेलिस्कोप खाली आणत होतो. कोलशेतच्या भागीबाई लेकीच्या लग्नाचं सोनं घ्यायला आलेल्या. ताऱ्यांच्या मयताचं त्यांनीही ऐकलेलं. सरांना अडवून विचारलं, "मास्तर, तारं मेलं कवा?"

"अब्जावधी वर्षं झाली, बाई."

"मंग सुतक कवाच फिटलं की! शेठ, पाटल्या काढ."

शेठनी टेलिस्कोप स्वतः उचलून वर नेला!

*

मग शेठनी सरांनाच गल्ल्याशेजारी बसवलं. गिऱ्हाईक आलं की मयत किती जुनं ते सांगायचं. पहिल्याच बाई म्हणाल्या, "इश्श, एवढं जुनं? नवीन दाखवा ना!"

या बाई तेवढ्या मी रचल्या. खरं तर शेठनीच सरांना हळूच विचारलेलं, "सर, पुढची टक्कर कधी? भाव पडायच्या आत माल काढतो."