दांडगे सरांचा नमुना पाठ

आडनाव दांडगे आणि अंगावर मूठभर मांस नाही, यावरून सोमनाथ दांडगे सरांची थट्टा पहिल्या नेमणुकीपासून होत आली. सरांनी ती कधी मनावर घेतली नाही. त्यांचा सगळा दांडगेपणा जिभेत होता. सिल्लोडकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस छावणीतल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. रस्त्यात पाटीवर चुकीचा शब्द दिसला की स्कूटर थांबवून मालकाला दुरुस्त करायला लावायचे. भाजीवाले तर त्यांना लांबून बघूनच पाटी उलटी ठेवायचे.

शिकवायची त्यांची एक रीत होती. बोलता बोलता मध्येच थांबायचं, हात पुढं करायचा आणि राहिलेला शब्द पोरांनी ओरडून भरायचा. बरोबर आला की "शाब्बास". शब्द फार सोपा असला की पोरं उलट सावध व्हायची, कारण सोप्या प्रश्नात सरांनी हमखास काहीतरी खोच ठेवलेली असायची. घाईनं बोललेल्याचं दिवसभर हसू व्हायचं.

यंदा नववीत सदफ आली आणि सरांना तोडीस तोड मिळालं. छावणीच्या बाजारात वर्दी शिवणारे कय्युमभाई, त्यांची ही मुलगी. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळं आपल्या कानाला सवयीचे झालेले शब्द तिला अडायचे.

"सर, बांगडी फुटली तर 'वाढवली' का म्हणतात? वाढली कुठं, कमीच झाली ना?"

वाईट गोष्ट तोंडानं बोलू नये अशी आपली समजूत, म्हणून उलटा शब्द वापरतात, असं सरांनी सांगितलं. ती खाली बसली आणि लगेच पुन्हा उभी राहिली.

"मग खोटं बोललं तर मार का मिळतो, सर?"

वर्ग हसला. सर सगळ्यांत जास्त हसले. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना, चहा पिताना तो प्रश्न सांगितला आणि जेवताना पुन्हा सांगितला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि हे सुख संपलं.

शेताच्या राखणीवरचा धडा चालू होता. "शेताच्या कडेनं शेतकरी जे घालतो ते..." असं म्हणून सर थांबले. या वेळी ते मुद्दाम थांबले नव्हते. पुढचा शब्द येईनाच. सवयीनं हात पुढं गेला आणि वर्ग ओरडला, "कुंपण". "शाब्बास," सर म्हणाले. सदरा पाठीला चिकटला होता. कोणालाही काही कळलं नव्हतं.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. घरी एकदा त्यांनी "ते पांढरं, सोलायचं असतं ते" मागितलं. द्वारकाबाईंनी लसूण पुढं केला आणि त्या सरांकडं बघत राहिल्या. सरांचे वडील धोंडिबा याच वाटेनं गेले होते. शेवटी शेवटी बैलाला आणि लेकाला एकाच "ए"नं हाक मारायचे. डॉक्टरकडं जायचं म्हणजे त्या गोष्टीचं नाव ऐकायचं, आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तेवढी कोणाला कळू न देता वर्गात उभं राहून काढावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पोरांना वाटायचं, सर आता जास्तच कोडी घालतात. ती हौसेनं शब्द भरायची. सदफ मात्र सर अडले की सगळ्यांच्या आधी उभी राहायची आणि भलतंच काहीतरी विचारायची. एकदा सर 'उंबरठा' या शब्दाशी अडले, तर ही म्हणाली, "सर, उंबरठा ओलांडला म्हणतात, चढला का नाय म्हणत?" एकदा 'ओसरी' आठवेना, तर हिचा प्रश्न तयार, "सर, पावणे ओसरीवर बसतात, मग घरचे कुठं बसायचे?" सर तिला झिडकारून खाली बसवायचे. पोरीनं आपल्याला हेरलंय आणि फजिती बघायला टपलीय, असं त्यांना वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ज्या प्रश्नांची ते वाट बघायचे, त्यांचीच आता धास्ती बसली.

अशात मुख्याध्यापक नानासाहेबांना सरांचं फार कौतुक सुचलं. "सर, तुमची ही गाळलेल्या शब्दांची पद्धत लई भारी आहे. पोरं काय बोलायला लागलीत. शिक्षण परिषदेत नमुना पाठ तुम्हीच घ्यायचा. आसपासच्या शाळांचे शिक्षक येतील, बघू द्या त्यांना."

नाही म्हणायला सरांना कारण सापडलं नाही. जे खरं कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

आदल्या दिवशी त्यांनी सदफला व्हरांड्यात बोलावलं. "उद्या तू हात वर करायचा नाही. प्रश्न नको, उत्तर नको. पाठ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"पण सर, तुम्ही मधीच थांबलात तर..."

"थांबलो तर मी बघून घेईन. आगाऊ कुठली."

सदफची मान खाली गेली. "बरं सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाजूला पाहुणे शिक्षक बसले. पोरं इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसली होती. पाठ चांगला रंगला. दोनदा सर मुद्दाम थांबले, दोनदा वर्गानं शब्द भरला, पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग लिहिता लिहिता खडू मोडला. सरांनी हातात राहिलेला तुकडा उंच धरला. "बघा पोरांनो, झिजल्याशिवाय अक्षर उमटत नाही. हा जो माझ्या हातात आहे, हा..."

शब्द गेला होता. त्यांनी हात पुढं केला.

वर्ग गप्प. सर खडू हातात धरून हे काय म्हणून विचारतात, म्हणजे यात खोच असणारच. पाहुण्यांसमोर फजिती कोण करून घेणार? पहिल्या बाकावरच्या शिवराजनं हात अर्धा उचलला आणि परत खाली घेतला. सरांची नजर फिरत फिरत सदफवर गेली. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.

तेव्हा सरांना कळलं. उंबरठा, ओसरी, त्यांना हवा असलेला शब्द दर वेळी तिच्या प्रश्नात होता. 'सदफ, तू सांग' एवढं म्हणायला हवं होतं. पण कालचे स्वतःचेच शब्द आडवे आले.

"आज आमची पोरं पाहुण्यांना बुजली," म्हणत नानासाहेब उठले आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. या वेळीही कोणाला काही कळलं नाही. पाहुणे चहाला गेले, पोरं पांगली.

सदफ दारात थांबली होती.

"मला येत होतं, सर. तुम्हीच बोलू नको म्हणला होता."

"व्हय, मीच म्हणालो होतो." सर खुर्चीत बसले. "कधीपासून कळलंय तुला?"

"दिवाळीपासून. माझ्या नानीला असंच झालं होतं. शब्द सरळ सांगितला की ती रडायची. म्हणून अम्मी तिला सवालात घालून द्यायची."

"आता कशी आहे नानी?"

सदफनं पायानं फरशीवरची धूळ बाजूला केली.

सरांनी मूठ उघडली. घामानं ओला झालेला तो पांढरा तुकडा तळहातावर होता. ते त्याच्याकडं बघत राहिले, मग तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत उत्तर माहीत नसताना त्यांनी पोरांना कधी काही विचारलं नव्हतं, आणि आताही तोंडातून प्रश्न फुटेना.

सदफनं ओढणीनं डोळे पुसले आणि वर्गात उभी राहायची तशी सरळ उभी राहिली.

"सर, खडू ओला झाला तर फळ्यावर उमटत का नाय?"

"खडू," सर म्हणाले.

प्रश्नात घालून दिला होता, तरी त्यांना रडू आलं.