हरबऱ्याची आंब अन् चुन्याची डबी

"डोळ्यात गेलं! आत्याबाई, पोरीच्या डोळ्यात गेलं!"

मी वरडली अन् हातातलं ओलं फडकं तसंच खाली पडलं. पोरगी आठ महिन्यांची, पदरानं कडेवर बांधेल. तिनं डोळा गच्च मिटला, तोंड उघडं, पन आवाजच निघेना. मंग एकदम अशी चिरकली का बाजूच्या वावरातल्या बाया उभ्या झाल्या.

गेल्या पौषातली गोष्ट. रिठद गावाले आमच्या वावरात मी अन् माही सासू, म्हंजे आत्याबाई, आंब काढून राह्यलो होतो. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगतो, हरबऱ्याच्या पानाईवर आंबट पानी धरते. संध्याकाळी झाडाईवर धोतराचं फडकं पसरून ठेवाचं, दिवस निघाच्या आंधी दवासकट उचलाचं, गंजात, म्हंजे पातेल्यात, पिळाचं. तेच आंब. पोट दुखलं, अजीर्न झालं का पान्यात चमचाभर टाकून देतात. लई कडक असते. फडक्याले भोकं पडतात, हरबऱ्यात चालून पायाले भेगा पडतात. पिळू पिळू माहे तर बोटंही चिरले होते.

अन् मी येडी, लेकरू कडेवर घेऊन पिळत होती. घरी ठेवली का रडते म्हनून. जोरात पीळ देला अन् पिचकारी उडाली.

सासू पळत आली. कमरेची पानाची चंची सोडली, चुन्याची डबी माह्या हातात कोंबली. "लाव चुना! आंबटाले चुनाच मारते."

शेजारची बाई वावराच्या धुऱ्यावरून वरडली, "पाहून काय राह्यली वं? लाव ना! डोळा जाईन लेकराचा!"

अन् मले ते पटलं ना! मी चौथीपर्यंत शाळेत गेली. गुरुजीनं एकदा हळदीवर चुना घातला, हळद लालभडक झाली. वरून लिंबू पिळलं, त पुन्हा पिवळी. म्हनले, आंबट अन् चुना एकमेकाले मारतात. तेच डोक्यात फिरलं. म्हनलं, शाळेतही हेच सांगतलं होतं.

बोटावर चुना घेतला. दुसऱ्या हातानं पापनी उघडली. बोट डोळ्यापासून हरबऱ्याच्या दान्याएवढं दूर असन.

तेवढ्यात माहं बोट पेटलं. भेगेत चुना गेला अन् अशी आग झाली का मी हात झटकला. आंब त भेगेत आंधीपासूनच होती, मंग चुन्यानं ती मरून थंड वाटाले पाह्यजे, हे जास्तच काहून जळून राह्यलं? माह्या राठ बोटाले असं होते, त डोळ्याले?

"थांबली काहून?" सासू.

"नाही लावत."

"अवं, मोठी शिकेल तू! चार बुकं वाचली अन्..."

"नाही लावत म्हनलं ना! पानी ओता!"

सासूले असं उलटं मी कधी बोलली नव्हती. तीही दचकली. मी हात धुतले, पोरीले कलती धरली, पापनी ओढून ठेवली. सासूनं प्याच्या पान्याच्या घागरीतून धार धरली. तोंडानं मले शिव्या देऊन राह्यली होती, पन धार काही थांबवली नाही. आमची घागर सरली, शेजारच्या बाईनं तिची देली.

मंग यष्टीनं रिसोड. डाक्टरनं पापनी उलटून पाह्यली. "लाल झालाय, उतरेल. पाण्यानं वाचला. चुना घातला होता का?"

"नाही," म्हनलं. "घालतच होती."

डाक्टर हातातलं काम सोडून माह्याकडं पाहात राह्यले. "बुबुळ पांढरं पडलं असतं, बाई. आंबेपेक्षा चुना वाईट, तो आत आत शिरतो."

मले हळदीचं सांगावं वाटलं. सांगतलं. ते म्हनले, "गुरुजी खरं बोलले, पण ते वाटीतलं. एकमेकांना मारतानाही दोघं तापतात. डोळ्यात फक्त पाणी, भरपूर पाणी."

सासूच्या तोंडात पान होतं, तिनं ते चावलं नाही. येताना यष्टीत पोरीले तिनंच मांडीवर घेतलं.

चार दिवसानं डोळा साफ उघडला. बांगडी हालवली का पोरगी तिच्यामागं डोळे फिरवाले लागली. मी मात्र अजून दचकून उठतो. बोटाले भेग नसती, त मी चुना भरलाच असता ना! सासूच्या शब्दावर नाही, माह्या सोताच्या शहानपनावर. तुमीच सांगा बायांनो, लेकरू तसं चिरकून राह्यलं असतं अन् चुना हातात असता, त तुमी काय केलं असतं?