दोन्ही हात वर

गाव सोडलं त्या दिवशी आमच्या तालमीतले झाडून सगळे पैलवान एसटी स्टँडवर आले होते. एकानं विचारलं, "वस्ताद, परत कधी?" मी म्हणालो, "नातवाला कुस्ती शिकवली की आलोच." माझा मुलगा विलास बॅग धरून उभा होता. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या तुक्याकडं दिली होती. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हातसुद्धा केला नाही. थोड्या दिवसांसाठी निघालेल्या माणसानं हात कशाला हलवायचा?

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं लेकरांच्या मागं इकडं आलेल्यांनो, ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. तुक्या फोन करतो, दर वेळी तेच विचारतो, "किल्लीचं काय करू?"

आम्ही इथं अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहतो. आलो तेव्हा नातू मल्हार शाळेत होता. हॉलमधल्या कार्पेटवर मी त्याला धरायला, सोडायला शिकवलं. दमला की मी दोन्ही हात वर करायचो. म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटली, आता कुणी कुणाला धरायचं नाही. जत्रेच्या मैदानात आम्ही असंच करायचो. मल्हार जेवायला बसला की डावा हात ताटात घालायचा. मी ताट ओढून घ्यायचो. माझ्या बापानं माझं ओढलं होतं. तो म्हणायचा, "डाव्या हातानं खायचं असेल तर परड्यात जाऊन खा." सूनबाई स्मिता म्हणायची, "आबा, पिझ्झा आहे तो." असेना का!

कुस्ती त्याला आवडली, पण मन बेसबॉलवर गेलं. पिचर झाला, म्हणजे बॉल टाकणारा. हायस्कूलमध्ये असताना पहिल्यांदा त्याची मॅच बघायला गेलो. चांगला टाकत होता. मग समोरच्यांनी त्याचे बॉल झोडपले, आणि त्यांचा कोच चालत मधे गेला, पोराच्या हातातला बॉल काढून घेतला आणि त्याला बाहेर पाठवलं. सगळ्यांसमोर! मी उठून पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो. घरी येताना मल्हारला सांगितलं, "मातीत उतरलेला गडी निकाल लागल्याशिवाय बाहेर येत नाही. पुन्हा कुणाला बॉल द्यायचा नाही."

विलास म्हणाला, "आबा, इथं तशी सिस्टीम असते. पिचर चेंज करतात."

"तुझी सिस्टीम तुझ्या ऑफिसात ठेव."

पोरानं ते मनात धरलं. कॉलेजात खेळला, मग एका टीमनं त्याला पगारावर घेतलं. टीव्हीवरच्या मोठ्या लीगच्या खालची लीग, पण खेळणं हाच धंदा. आमच्या घराण्यात मातीवर पोट भरणारा माझ्यानंतर तोच. आणि मग बॉल टाकायच्या उजव्या हाताचं कोपर गेलं. डॉक्टरनं मनगटातली शीर काढून कोपरात बसवली. वर्षभर बॉल बंद. डॉक्टरनं विलासला स्पष्ट सांगितलं, दुसऱ्यांदा गेलं तर बेसबॉल विसरायचा.

परतीची पहिली मॅच रविवारी दुपारी होती. आम्ही तिघं तीन तास ड्राइव्ह करून गेलो. सुरुवातीला बॉल असा जात होता की मागचे लोक ओरडत होते. मग स्मितानं माझी बाही धरली.

"आबा, टाकून झालं की हात पाठीमागं नेऊन बोटं झटकतोय बघा."

मी बघितलं. खरं होतं. कोचनंही बघितलं असावं, तो मधे गेला. मल्हारनं ग्लोव्ह तोंडासमोर धरून काहीतरी सांगितलं, मान हलवली. बॉल दिला नाही. कोच परत फिरला.

"तुमचं ऐकतोय तो," विलास म्हणाला. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेलं पोरगं! "बसा आता अभिमानानं."

मी उठलो. गुडघे धरत पायऱ्या उतरलो. खाली जाळीपाशी ड्यूटीवरची एक मुलगी उभी होती, "सर, प्लीज, यू नीड टू सिट डाउन," म्हणाली. मला सगळं कळलं, पण मी नाही कळल्यासारखं केलं. जाळीजवळ उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले.

मल्हारनं बघितलं आणि तोंड फिरवलं. अजून एक बॉल टाकला. या वेळी कोपर पोटाशी धरलं. माझे खांदे भरून आले, पण हात खाली केले नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "सिट डाउन, मॅन!" मुलगी वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलवत होती. विलास धावत खाली आला. मला वाटलं हात खाली ओढतोय. तो शेजारी उभा राहिला आणि त्यानंही दोन्ही हात वर केले. लहानपणी तालमीत तोही शिकला होता.

मल्हारनं पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच कोचला खूण केली. कोच आला, आणि मल्हारनं बॉल त्याच्या हातात ठेवला.

हायस्कूलच्या त्या मॅचनंतर गाडीत मी चुकीचं बोललो होतो असं मला आजही वाटत नाही. पण कुस्ती कधी सोडवायची हे वस्ताद ठरवतो, पैलवान नाही. एवढं सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपराचे फोटो काढले. बसवलेली शीर शाबूत आहे, सूज आहे. आणखी एक-दोन बॉल आणि गेली असती, असं डॉक्टर म्हणाला. टीमनं विश्रांतीला घरी पाठवलं. ठेवतील की सोडतील, अजून ठरलेलं नाही. स्मिता फोन वाजला की आधी माझ्याकडं बघते.

तुक्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "कुलूप काढ. बाहेरगावची पोरं तालमीला येतात, त्यांना राहू दे घरात. किल्ली त्यांच्याकडंच दे." तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही येत नाही." मी म्हणालो, "इथलं मैदान अजून सुटलेलं नाही."

मल्हार जेवायला बसला होता. उजवा हात पट्ट्यात बांधलेला. समोर भाकरी आणि आमटी. डावा हात ताटाजवळ नेला आणि थांबला. माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, इज इट ओके?"

मी ताट ओढून घेतलं. भाकरी आमटीत बारीक कुस्करली, डाव्या हाताला घास करता येईल अशी, आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.