अंथरुणातला पहिला घास

वजनकाट्याशेजारी ज्याचं टेबल असतं, त्याला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. धुळ्यातल्या एका लहानशा मॅटर्निटी हॉस्पिटलात मी आहाराचा सल्ला देते. गुरुवारी जळगावच्या दवाखान्यात जाते. पहिल्या तीन महिन्यांची मळमळ हा माझा हातखंडा विषय, आणि हे मी लाजत वगैरे सांगत नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघून मला कळतं की सकाळी पोटात काय गेलं आणि काय टिकलं. नवऱ्यांच्या तोंडाकडे बघून मात्र अजून काहीच कळत नाही.

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. पुण्याला शिकून आलेली, त्यामुळे सोबत एक छापील डाएट चार्ट होता. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यात ब्राऊन ब्रेड, ओट्स, किवी, काय काय होतं.

साक्रीकडच्या खेड्यातली एक पोरसवदा बाई आली होती. तिने चार्ट दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, चला, किती मन लावून वाचतेय.

वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, हे चित्र फार छान आहेत. पण आमच्याकडे घरात जे असतं त्यातलं काही खाल्लं तर चालंल का?"

मी विचारलं, घरात काय असतं? तर ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या. मळमळणाऱ्या पोटासाठी याहून चांगलं कोरडं खाणं मी आजवर पाहिलेलं नाही. उरलेले चार्ट मी त्याच संध्याकाळी रद्दीत दिले.

*

सलीमभाईंचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. त्यांची बायको शबाना सकाळी बरी असायची आणि हे घरी आले की उलट्या सुरू. मी सांगितलं, "उग्र वासापासून तिला लांब ठेवा. कांडपातले कपडे घरात आणू नका."

सलीमभाई समजूतदार माणूस. कांडपातून निघाले की आधी मोठ्या भावाच्या घरी जायचे, तिथे आंघोळ करायचे, कपडे बदलायचे आणि मग घरी. पंधरा दिवसांत शबानाचं खाणं सुधारलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

महिनाभराने सलीमभाई पुन्हा दारात. सोबत शबाना नव्हती, भाऊ आणि वहिनी होते. वहिनीला दिवस गेले होते आणि संध्याकाळ झाली की उलट्या.

मी काही बोलायच्या आत सलीमभाईच म्हणाले, "मॅडम, अब तीसरा भाई नहीं है मेरा."

*

जळगावच्या दवाखान्यात रावेरकडचं एक केळीवालं कुटुंब यायचं. सुनेसोबत सासरे. त्यांना सगळे नाना म्हणत. मी नेहमीचं सांगितलं: पोट रिकामं राहू द्यायचं नाही, दर दोन तासांनी थोडंसं खायचं, पाणी जेवणासोबत न पिता मधे मधे घोट घोट घ्यायचं.

नानांनी मोबाईलमध्ये दर दोन तासांचा गजर लावला. बागेत असोत, ट्रक भरत असोत, गजर झाला की घरी फोन. "सूनबाई, खाल्लं का? काय खाल्लं? किती खाल्लं?"

पुढच्या वेळी सून आली ती टवटवीत. म्हणाली, "मॅडम, उलटी थांबली. आता नानांचा फोन थांबायला काही आहे का?"



*

एकदा मात्र मीच तोंडावर आपटले. एका बाईला सांगितलं, तिखट बंद, मऊ भात आणि ताक घ्या. आठ दिवसांनी ती येऊन म्हणाली, "मॅडम, तुमचा भात उलटून पडतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गार भाकर आणि ठेचा खाल्ला तर राहतो." मी पुन्हा समजावायला लागले, तर आमच्या डॉक्टर मॅडम आतून म्हणाल्या, "छातीत जळजळ नाही ना? मग पोटात राहतंय ते खाऊ दे. पोट तिचं आहे."

*

आता वैशालीचं. हे सांगताना आज हसू येतं, पण तेव्हा मला खरंच भीती वाटली होती.

वैशाली सोनगीरची सून. तिसरा महिना, आणि वजन दर खेपेला खाली. दोनदा सलाईन लावून झाली होती, गोळ्या चालू होत्या. डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या सोमवारी काटा अजून खाली गेला तर भरती करणार. लघवी कमी झाली किंवा पाणीही टिकेना, तर सोमवारची वाटसुद्धा बघायची नाही.

मी तिला विचारलं, "उठायच्या आधी, अंथरुणातच, काही कोरडं खातेस का? साधा टोस्ट तरी?" ती खाली बघायला लागली. उत्तर शेजारून आलं. तिच्या सासूबाई, यशोदाआक्का.

"आमना घरमा आंघोयशिवाय कोणी तोंडमा घास घालत नही. मन्ही सासूपासून हाई चालत उनं."

म्हणजे पोर रिकाम्या पोटी उठायची, झाडलोट करायची, आंघोळीसाठी पाणी तापेपर्यंत उभी राहायची, आणि आंघोळीच्या आधीच ओकून ओकून बसायची. मग दिवसभर काही टिकायचं नाही.

मी आवाज चढवला. म्हटलं, "आक्का, तिला अंथरुणातच आधी टोस्ट, मग अर्धा तास पडून राहणं, मग आंघोळ. चहासुद्धा त्यानंतर. नाहीतर तुमची सून पुढच्या आठवड्यात या हॉस्पिटलात असेल."

आक्कांनी पदर सावरला आणि त्या सुनेला घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, गेली केस. माझा सगळा हातखंडा त्या दारातून बाहेर चालला होता.

सोमवारी वैशाली काट्यावर उभी राहिली. मी तिचा आकडा दोनदा वाचला. अर्धा किलो वाढलं होतं. डॉक्टर मॅडमनी भरतीचा कागद बाजूला ठेवला.

मी आक्कांना विचारलं, "मग मोडलात ना नियम?"

"कसाले मोडू?" आक्का म्हणाल्या. "मी पाचले उठस, आंघोय करस, देवले टोस्टना निवद दाखाडस. मंग आथरुनमाच तिना हातवर परसाद देस. परसादले आंघोय लागत नही."

वैशाली तोंडाला पदर लावून हसत होती.  मी म्हटलं, "आक्का, पण देवाला रोज सकाळी नुसता कोरडा टोस्ट?"

"नुसता कसाले? त्याले चहा बी ठेवस," आक्का म्हणाल्या. "ओकारी तिले येस, त्याले नही."