वाचलेलं पाणी जातं कुठे?

नम्रता वाबळेला लहानपणापासून एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही, की तिला जेवण गोड लागायचं नाही. लोणी काळभोरला माहेरच्या घराजवळून कालवा जायचा. सात-आठ वर्षांची असताना ती त्यात झेंडूचं फूल टाकायची आणि काठाकाठाने पळत सुटायची, पाणी जास्त जोरात पळतं की आपण, हे बघायला. पुढे लग्न होऊन ती बिबवेवाडीत आली, मुलगी शाळेत जायला लागल्यावर नोकरी शोधली, आणि मिळाली तीही पाण्याचीच. घरोघरी जाऊन मीटरचे आकडे उतरवून घ्यायचे. ज्या कामाला बाकीचे चार महिन्यांत कंटाळायचे, ते ही बाई नऊ वर्षं आवडीने करत होती. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाचा नळ गळतोय, हे ती आकड्यावरून ओळखायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

त्या वर्षी शहराने एक मोठा अर्ज करायचं ठरवलं. कमी पाण्यात कपडे धुणारं मशीन जो घेईल, त्याला अर्धी किंमत परत मिळावी, आणि त्यासाठी लागणारा पैसा दिल्लीच्या एका संस्थेने अनुदान म्हणून द्यावा, अशी योजना. अर्ज तयार करण्याचं काम एका छोट्या सल्लागार कचेरीकडे आलं होतं. ती कचेरी चालवायचे हिंमतराव जगदाळे नावाचे निवृत्त अभियंते. त्यांनी नम्रताला बोलावून घेतलं आणि बिबवेवाडीतल्या जनाई नावाच्या जुन्या इमारतीतली वीस घरं तिच्या ताब्यात दिली. वीसही घरांत तीन महिन्यांसाठी मशीन बसवायचं, रोज मीटर वाचायचं आणि पाणी किती वाचलं ते दाखवायचं. अनुदान मिळालं तर मशीन त्या घरांचंच. नाही मिळालं तर कंपनीचा टेम्पो येऊन ते उचलून नेणार.

ही अट ऐकून सगळ्यात जास्त काळजीत पडल्या त्या तळमजल्यावरच्या यमुनाबाई. सत्तरी गाठलेल्या. तीस वर्षं मार्केट यार्डात कांदा निवडला आणि पन्नास वर्षं घरचं धुणं धुतलं. बोटांचे सांधे सुजून इतके वाकडे झाले होते, की पिळा घालताना त्यांचा चेहरा बघवत नसे. मशीन घरात आलं त्या दिवशी त्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं आणि नम्रताला विचारलं, "पोरी, ह्ये राहील ना गं?"

"पाणी वाचलं तर राहील, मावशी," नम्रता म्हणाली.

आणि पाणी वाचेना. पहिला महिना गेला, दुसरा गेला. मशीन येण्याआधी घरटी रोजचं दोनशे लिटर जात होतं, मशीन आल्यावरही दोनशेच. पाच-दहा लिटर इकडे-तिकडे, बस्स. हाताने धुताना बादल्यामागून बादल्या ओतल्या जायच्या हे नम्रताने डोळ्यांनी पाहिलं होतं. मशीन निम्म्याहून कमी पाणी घेतं हेही तिने स्वतः मोजलं होतं. मग वाचलेलं पाणी जातं कुठे?

"मीटर बिघडलेत," जगदाळे म्हणाले.

"वीसच्या वीस, साहेब?"

"अहो वाबळे बाई, एकी असते माणसांत. मीटरांत का नसावी?"

नम्रताने चार मीटर बदलून घेतले. आकडा हलला नाही. तिने मशीनच्या नळ्या तपासल्या, संडासाच्या टाक्या तपासल्या, कुणी चोरून गाडी धुतं का तेही पाहिलं. आता तिला खरोखर जेवण गोड लागेना. तिची सासू, सरुबाई, तिला म्हणाली, "मीटर वाचायचे पैसे मिळतात ना? वाच आणि ये घरी." पण तेवढ्यावर भागणारी ती बाई नव्हती.

मे महिन्यातला शनिवार होता. अर्ज शुक्रवारी जायचा होता. तेव्हा कुठे नम्रताच्या डोक्यात आलं, की आपण नऊ वर्षं मीटर वाचतोय ते सकाळी अकरा वाजता. पाणी येतं सहाला. जनाई इमारतीत पाणी येताना आपण कधी उभ्याच राहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती पावणेसहाला तिथे पोचली. प्रत्येक दारात निळं प्लास्टिकचं पिंप, दोनशे लिटरचं. नळाला फुसफुस सुरू झाली आणि सगळ्या बायका एकदम बाहेर आल्या. यमुनाबाईंनी पिंपाच्या बुडाची तोटी सोडली. शेजारणीने पिंपच कलतं केलं. वरच्या मजल्यावरून पाइपातून धो धो पाणी खाली यायला लागलं. दहा मिनिटांत वीस पिंपं रिकामी झाली, विसळली गेली आणि नळाखाली लागली.

"मावशी, हे काय करताय?"

"शिळं पाणी न्हवं का," यमुनाबाई म्हणाल्या. इतकं साधं उत्तर.

आता तिला सगळा उलगडा झाला. पिंप रोज तळापासून भरलं जायचं, म्हणून मीटरवर रोज दोनशे. पूर्वी दिवसभरात पिंप जवळजवळ संपायचं. आता मशीनमुळे पाणी उरायचं, आणि जेवढं उरायचं तेवढं सकाळी गटारात जायचं. मीटर घरात वापरलेलं पाणी मोजतच नव्हतं, पिंपाचं आकारमान मोजत होतं. कारण सापडल्याचा आनंद तिला इतका झाला, की वाईट वाटायला हवं हे तिला अर्ध्या रस्त्यात आठवलं.

सोमवारी सकाळी तिच्या स्वतःच्या घरी नळ आला. तिने सवयीने कळशी उचलली, कालचं पाणी मोरीत ओतलं, आणि हात तसाच थांबला. तीन महिने जगाचे मीटर तपासले आणि रोज सकाळी आपण हेच करत होतो. तिला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

जगदाळ्यांना मात्र हायसं वाटलं. "मग सोपं आहे. पाणी यायच्या आधी पिंपात काठी बुडवून उरलेलं मोजा. तीच आपली बचत."

नम्रताने मंगळवारी मोजलं. घरटी साठ लिटर उरत होतं. आकडा सुरेख होता. "पण साहेब, हे वाचलं कुठे? हे तर गटारात गेलं."

"गटारात गेलं का, असं फॉर्ममध्ये विचारलेलं नाही."

खोटं त्यात काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्या आकड्याखाली सही केली तर यमुनाबाईंचं मशीन राहणार होतं. नाही केली तर टेम्पो. नम्रताला ती वाकडी बोटं दिसायला लागली आणि पेन हातात घ्यावंसं फार वाटलं. पण न वाचलेलं पाणी वाचलं म्हणून लिहायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," असं म्हणून ती उठली.

ती सरळ यमुनाबाईंकडे गेली आणि सगळं समजावून सांगितलं. पिऊ नका, पण ओतूही नका, नुसतं राहू द्या, म्हणाली.

"आमच्यात शिळं ठेवत न्हाईत," यमुनाबाई म्हणाल्या. "सासूनं शिकवलंय. देवाला चालत न्हाई, ते घरात कशाला?" मग त्यांनीच विचारलं, "बरं, नळाचं हाय ते ताजं म्हंजी कवाचं?"

नम्रताला हा प्रश्न आजवर पडला नव्हता, याचं तिला फार आश्चर्य वाटलं. तिने तिथूनच जगदाळ्यांना फोन लावला आणि यमुनाबाईंना ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू केला. "साहेब, आज आलेलं पाणी किती जुनं असतं?"

"मागच्या पावसाळ्यातलं," जगदाळे म्हणाले. "धरणात काय रोज सकाळी पाणी बनवतात?"

यमुनाबाईंनी बोटांवर महिने मोजले. वाकड्या बोटांवर मोजायला वेळ लागला. "धा म्हैने," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नम्रताला चहा देऊन वाटेला लावलं.

बुधवारी पहाटेच नम्रता हजर. नळ आला. बायका बाहेर आल्या आणि तोट्यांकडे हात गेले. यमुनाबाई पिंपाजवळ उभ्या राहिल्या, त्यांनी झाकण काढलं, कालच्या पाण्यात फुलपात्र बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत ते पिऊन टाकलं.

शेजारची कल्याणी घाबरून म्हणाली, "आजी, कसं लागतंय?"

"पाण्यासारखं," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी नळाची नळी कालच्या पाण्यावरच सोडली. सासूची शिकवण मोडली म्हणून त्यांनी एकदा हात जोडले.

त्या दिवशी अकरा घरांनी ऐकलं, गुरुवारी अठरांनी. दोन घरं शेवटपर्यंत बधली नाहीत. अठरा घरांचे मीटर साठ लिटरने उतरले. नम्रताने अर्जात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मशीनमुळे घरटी साठ लिटर पाणी उरतं. ते जवळजवळ तीन महिने गटारात गेलं. शेवटच्या दोन दिवसांत आधी अकरा, मग अठरा घरांनी ते ठेवलं. जगदाळ्यांनी ते दोनदा वाचलं. "बाई, अर्ज असा करतात, की देणाऱ्याला द्यावंसं वाटेल. तुम्ही तर आपलीच तक्रार लिहिली आहे," असं म्हणत त्यांनी तो तसाच पाठवला.

सव्वा महिना काहीच कळलं नाही. मशीनच्या कंपनीने टेम्पोची तारीखही कळवून टाकली. तारखेच्या तीन दिवस आधी दिल्लीहून उत्तर आलं. अनुदान मंजूर झालं होतं, मागितल्याच्या निम्मं, आणि सुरुवात फक्त बिबवेवाडीपासून करायची होती. खाली एक प्रश्न होता: उरलेल्या दोन घरांनी का ऐकलं नाही, हे कळवावं. आपल्यासारखी खोड असलेलं माणूस दिल्लीतही आहे, हे वाचून नम्रताला फार बरं वाटलं.

ती धावतच जनाई इमारतीत गेली. यमुनाबाई मोरीत बसून लुगडं घासत होत्या. शेजारी मशीन रिकामं उभं होतं.

"मावशी, मशीन राहिलं. आता कुणी नेणार नाही. पण तुम्ही हाताने का धुताय?"

यमुनाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. "घरच्यांची कापडं त्यातच धुत हुते," त्या म्हणाल्या. "माझं लुगडं तेवढं हातानं. चार म्हैने एकदाबी त्यात टाकलं न्हाई. सवय लागली आन् नेलं असतं, तर ह्या हातांनी पुन्यांदा ऐकलं नसतं."

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलंही नाही. यमुनाबाईंनी ओलं लुगडं उचललं, मशीनमध्ये सोडलं आणि बटण दाबलं. मग स्टूल ओढून त्या काचेच्या झाकणाशी बसल्या आणि लुगडं फिरताना बघत राहिल्या.