जयरामभाऊंनी रागात फोडलेला नारळ

गास गावाच्या अलीकडे बावखलाच्या, म्हणजे जुन्या तळ्याच्या, काठाकाठाने जी आळी गेलीय, तिथे कोणालाही विचारा, जयरामभाऊंसारखा नारळ फोडणारा आसपास दुसरा नाही. एक फटका, दोन सरळ वाट्या. हा मान त्यांच्या घराण्याचा. आळीची बैठक मारुतीच्या देवळात बसते, बोलाचाली होतात, एकमेकांचे बाप निघतात, आणि सगळे दमले की जयरामभाऊ उठतात, विषय एकदा मोठ्याने बोलतात आणि पायरीवर नारळ फोडतात. फुटला की विषय संपला. खोबऱ्याचा तुकडा ज्याने तोंडात टाकला, त्याने तो शब्द मानला. पुन्हा त्याच विषयाचा नारळ फुटेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. आळीसमोर सात मजली इमारती उभ्या राहिल्या, पोरांच्या हातात मोबाइल आले, पण आळीचा कारभार अजून नारळावर.

जयरामभाऊ तसे भले गृहस्थ. केळीची वाडी, थोडी पानवेल, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणजे अध्यात नसत, मध्यात नेहमीच असत. त्यांच्या घरात दिवेलागणीला कोणी नखं कापायची नाहीत, केर काढायचा नाही, आणि शिट्टी तर चोवीस तासांत कधीच वाजवायची नाही. घरात शिट्टी वाजली की लक्ष्मी निघून जाते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. लक्ष्मी कुठेही गेली नव्हती. बिल्डरला वाडीचा एक तुकडा दिल्यापासून ती उलट ऐसपैस बसली होती.

त्यांचा मुलगा सुरज. कॉलेज संपवून 'काहीतरी बघतोय' असं तीन वर्षं सांगणारा, संध्याकाळी क्रिकेट टीमच्या मीटिंगला जाणारा. टीम वर्षातून एक सामना खेळे, मीटिंग रोज असे. आणि मुलगी तेजस्वी. नालासोपाऱ्याच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामाला, दुपारची पाळी. रात्री नऊच्या सुमाराला रिक्षा तिला नाक्यावर सोडी, तिथून आळीपर्यंत शेतातला रस्ता, मध्ये ओढ्यावरची मोरी, बुटक्या कट्ट्यांचा छोटा पूल. मोरीवरचा दिवा गेलेला. नोकरी कायम होण्याची बोलणी चालू होती, आणि तेजस्वी त्यासाठी देवाला नाही, साहेबाला धरून बसली होती.

एक गोष्ट तिने फक्त आईला, हंसाला, सांगितली होती. महिनोन्‌महिने त्या मोरीवरून अंधारात शिट्टी येते. एकच चाल, शेवटी उचकी लागल्यासारखी तुटणारी. ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, मान खाली घालून, जवळजवळ पळत ते अंतर काढते.

"बाबांना सांगू नको," ती म्हणाली होती. "ते शिट्टी नाही बंद करणार, माझी नोकरी बंद करतील."

हंसाने सांगितलं नाही. तिचं तिच्या नवऱ्याबद्दल हेच मत होतं.

मग जागृतीचं झालं. जागृती शेजारची सून, पतपेढीत कामाला. एका संध्याकाळी त्याच मोरीपाशी मागून कोणीतरी तिची ओढणी खेचली. ती धावली, पडली, मनगट मोडलं. आळी पेटली. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे खांबाशी, नेहमीप्रमाणे.

"आपल्या आलीतला कोनी असं करनार नाय," जयरामभाऊंनी सुरुवात केली. "हे बाहेरचे. त्या इमारतींतले." सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेरचे म्हटलं की माना आपोआप हलतात. "तेव्हा आपल्या पोरीबालींच्या रक्षनासाठी असं ठरवूया, की दिवेलागनीनंतर आलीतली एकही बाईमानूस रस्त्यावर दिसनार नाय. नोकरी असंल तर दिवसाची धरावी, नायतर सोडावी."

खांबाशी उभ्या तेजस्वीचा चेहरा पडला. आणि जी बाई लग्न होऊन आल्यापासून त्या देवळात 'हळद-कुंकू कुठे ठेवू' यापलीकडे बोलली नव्हती, ती हंसा पुढे आली.

"एक विचारू? आपल्या वाडीत बैल शिरला नि केलीची झाडं तुडवली, तर तुम्ही काय करता?"

"बैलाला दावं लावतो. हा काय प्रश्न झाला?"

"केली उपटून माजघरात नाय ना आनून ठेवत? मग ओढनी खेचनारा पुरुष, शिट्ट्या मारनारा पुरुष, नि घरात बसनार आमी? दावं त्यांना लावा. दिवेलागनीनंतर पुरुष घरात. बगूया काय होतंय."

मागून बायका हसल्या. कोणीतरी टाळी वाजवली. आता जयरामभाऊंच्या हातात नारळ होता, आणि डोक्यात तिडीक गेली होती. भर देवळात, सगळ्या आळीसमोर, स्वतःची बायको!

"हो का?" ते ओरडले. "मग तसंच होऊ दे! कोंडा पुरुषांना! दिवेलागनीनंतर एकही पुरुष रस्त्यावर दिसायला नको! झालं समाधान?" आणि तिरीमिरीत हात खाली आपटला.

हातात नारळ आहे हे ते विसरले होते. हाताला मात्र तीस वर्षांची सवय. एक फटका, दोन सरळ वाट्या.

जयरामभाऊंनी वाट्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. विषय मोठ्याने बोलून झाला होता, नारळ फुटला होता, आणि हंसाने वाट्या उचलून खोबरं कातरायलाही घेतलं होतं. ती तुकडे वाटत पहिल्यांदा पुरुषांच्या रांगेतून फिरली. प्रसाद नाकारायचा कसा? मारुतीच्या पुढ्यात? एकेकाने मुकाट्याने तोंडात टाकला. जयरामभाऊंनी सगळ्यात शेवटी.

"पुढच्या बैठकीपर्यंत हां," एक म्हातारा पुटपुटला. पुढची बैठक पुढच्या शनिवारी.

तर त्या दिवसापासून बावखल आळीतले पुरुष दिवेलागणीला घरात. अहाहा, काय ती अवस्था! संध्याकाळी घर एवढं उकडतं, हे आळीतल्या निम्म्या पुरुषांना नव्याने कळलं. त्यांनी घरात पंखे वाढवण्याची भाषा सुरू केली, जी बायका वीस वर्षं करत होत्या. कोणी खिडकीच्या गजांना धरून उभे, कोणी अंगणाच्या कुंपणापर्यंत जाऊन परत. तंबाखू संपली तर बायकोला सांगायचं, आणि ती गेली की तासाभराने यायची, कारण तिला रस्त्यात चार जणी भेटायच्या.

जयरामभाऊंचं गुरुवारचं भजन होतं. देऊळ हाकेच्या अंतरावर.

"भजनाला जायचं म्हनतो," ते म्हणाले.

"कोन कोन असंल?" हंसाने भाकरी थापताना विचारलं.

"कोन म्हंजे? नेहमीचे."

"किती वाजता येनार?"

"अगो, भजन संपलं की!"

"तसं नको. वेल सांगा. आनि तो पातल सदरा नका घालू, आतलं गंजीफ्रॉक दिसतं. उगाच कोनाची नजर."

जयरामभाऊंना हसावं की रडावं कळेना. शेवटी हंसा टॉर्च घेऊन सोबतीला निघाली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. भजनात त्यांचं चित्त नव्हतं. आळीतले सगळे भजनी आपापल्या बायकांच्या सोबतीने आलेले, आणि बायका बाहेर पायरीवर ताटकळत बसलेल्या. मध्येच एकीने आत डोकावून विचारलं, "अजून किती अभंग?"

परतताना जयरामभाऊंनी मनातलं बोलून टाकलं. "सगले पुरुष तसे नसतात गो, हंसे."

"माहिते मला. पन अंधारात कोनाच्या तोंडावर लिवलेलं नसतं."

जयरामभाऊंनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि टॉर्चच्या उजेडात चालत राहिले.

आणि बायका? त्यांनी मोरी घेतली. जेवणं उरकली की शेंगदाणे घेऊन सगळ्या मोरीच्या कट्ट्यावर. तिथलं हसणं आळीपर्यंत ऐकू यायचं. हाताला प्लॅस्टर घातलेली जागृतीसुद्धा जायची. पहिल्या दिवशी ती जरा घाबरत गेली, मग सगळ्यांच्या आधी जाऊ लागली.

"मोरीवर काय छान वारा येतो हो," हंसा एका रात्री घरी येऊन म्हणाली. "इतकी वर्सं झाली लग्नाला, तुम्ही कधी सांगितलं नाय."

जयरामभाऊंना हे कुठेतरी लागलं. पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीत होतं. तेजस्वी आता घरी येताना धापा टाकत नव्हती. आधी ती धापा टाकत यायची, हेही त्यांच्या आताच ध्यानात आलं, कारण या वेळेला ते कधी घरात नसतच. स्कार्फ हातात, चेहरा मोकळा, येऊन आईला काहीबाही सांगायची.

"एवढ्या दिवसांत रस्त्यावर काय झालं नाय ना?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. एकदाही नाही."

"मग इमारतीतल्यांनी चांगला धसका घेतला म्हनायचा."

तेजस्वीने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "बाबा, इमारतीतले पुरुष कुठे कोंडलेत? नारळ आपल्या आळीचा फुटलाय."

जयरामभाऊंचा घास हातातच राहिला. एवढा सरळ हिशोब त्यांना लागला नव्हता. इमारतीतले मोकळे, तरी रस्ता शांत. त्यांनी दुसरं कारण शोधायला खूप डोकं खाजवलं. ग्रहमान, पोलीस, उकाडा. एकही धड टिकेना.

शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे नारळ सुटायच्या आदल्या दिवशी, तेजस्वीला सुट्टी होती. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. सुरज ओटीवरच्या झोपाळ्यावर आडवा. मोबाइलची बॅटरी संपलेली, वीज गेलेली, करणार काय? पोरगा कंटाळून पार आंबला होता. आणि कंटाळ्याच्या भरात, बापाचा नियम विसरून, त्याने शिट्टी घातली. एक चाल. शेवटी उचकी लागल्यासारखी तुटणारी.

आतून तांदळाचं सूप जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"कोन रे शिट्टी मारतो घरात!" जयरामभाऊ गरजले. पण तेजस्वी दारात येऊन उभी होती आणि तिचा रंग उडालेला होता.

"परत वाजव," ती म्हणाली.

"काय?"

"परत वाजव, सुरज."

त्याने वाजवली नाही. तो उठून बसला. तिच्या तोंडाकडे पाहता पाहता त्याला उमजलं.

"ती स्कार्फवाली..." त्याची जीभ अडखळली. "तू होतीस? अगं, अंधारात दिसत नाही काही! मला काय माहीत तू आहेस!"

"मग मी कोण आहे असं समजून वाजवत होतास?"

टीमची रोजची मीटिंग मोरीच्या कट्ट्यावरच भरायची, एवढं सुरजने कबूल केलं, शेजारी बसणाऱ्यांची नावं मात्र गिळली. जयरामभाऊ मधोमध उभे. मुलीने मग सगळं सांगितलं, किती महिने, कशी पळायची, का सांगितलं नाही. 'का' ऐकताना त्यांना मुलाला मारायला उचललेला हात खाली घ्यावा लागला. आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. शिट्टीने लक्ष्मी जाते म्हणून घर जपलं, आणि घरची लक्ष्मी रोज त्याच शिट्टीपुढून जीव मुठीत धरून पळत होती.

शनिवारी देवळात पुरुष झाडून हजर. आंघोळी करून, केसांना तेल लावून, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. सगळ्यांची नजर जयरामभाऊंच्या हातातल्या नारळावर.

"बोला विषय, फोडा नि मोकले करा," म्हातारा म्हणाला.

जयरामभाऊ उठले. घसा दोनदा खाकरला.

"मी म्हनलेलो, आपल्या आलीतला कोनी नाय. मी चुकलो. मोरीवरची शिट्टी माझ्या घरातली निघाली. माझ्या सुरजची. माझ्याच पोरीला वाजवत होता."

त्यांनी पुरुषांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली.

"तो एकटा नव्हता. आता ओढनी कोनी खेचली ते सांगा, म्हंजे नारल फोडतो."

सतरंजीवरच्या माना खाली गेल्या. कोणी सतरंजीचा दोरा उसवत बसलं, कोणाला एकदम मारुतीच्या शेंदराचा रंग बघावासा वाटला. मागे खांबाशी बायका आपापल्या नवऱ्यांच्या आणि पोरांच्या पाठी निरखत होत्या. जागृती प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून उभी होती. शेवटी जयरामभाऊंनी नारळ काखेत मारला आणि ते घरी चालू लागले.

"अहो भाऊ, नारल!"

"फुटनार नाय," ते वळून न बघता म्हणाले. दिवेलागण होत आली होती, आणि ते भरभर चालले.

रात्री तेजस्वी कामावरून आली. नोकरीचं पत्र सोमवारी मिळणार होतं, तेवढं तिने सांगितलं. नारळ देव्हाऱ्यापाशी आख्खाच होता, तो तिने पाहिला. सुरज कोपऱ्यात बसला होता, कालपासून जेवणावर लक्ष नसलेला.

"बाबा," त्याने हळूच विचारलं, "मग मी बाहेर कधी जायचं?"

"मला नको विचारू. तुझ्या बहिनीला विचार."

सुरजने तिच्याकडे पाहिलं. तेजस्वीने पायातल्या चपला काढल्या, नीट कडेला लावल्या.

"उद्या जा," ती म्हणाली. "दिवसा. जागृतीवहिनीकडे. तुझ्या शेजारी त्या दिवशी मोरीवर कोण बसलं होतं, ते तिच्या तोंडावर नाव घेऊन सांग. मग ये मला विचारायला."

सुरजची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. जयरामभाऊंनी नारळ उचलला आणि नाव निघालं तर उद्या लागेल म्हणून दारापाशी आणून ठेवला.